पाणी सुटले, पण घरात कोणी सांगितले?

जेजुरीचा खंडोबा करून एस.टी.ने मोरगावमार्गे तुम्ही बारामतीला गेला असाल, तर कऱ्हा नदी तुम्हाला वाटेत भेटली आहे. पण ती भेटली हे तुमच्या ध्यानात असण्याचा संभव कमी. उन्हाळ्यात पुलाखाली पाहावे तर वेड्या बाभळी, वाळू उपसून झालेले खड्डे, एखादे डबके आणि त्यात निवांत बसलेल्या दोन म्हशी. पावसाळ्याच्या तोंडाशी मी गेले तेव्हाही असेच होते. शेजारच्या बाकावर एक म्हातारे बाबा होते. त्यांना विचारले, "नदी कोरडीच का हो?" ते म्हणाले, "नदी कसली बाई, नुसतं नाव ऱ्हायलंय."

वाचकहो, धोका नेमका इथेच आहे. कृष्णाकाठच्या माणसाला पूर कसा चढतो, कसा उतरतो हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कळलेले असते. कऱ्हाकाठच्या माणसाने मात्र पुरापेक्षा टँकरची वाट जास्त वेळा पाहिलेली आहे. कविवर्य मोरोपंत याच कऱ्हेच्या काठी बारामतीत राहिले, आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला या नदीच्या पाण्याचेच नाव दिले. नदीचे नाव एवढे मोठे, पण पाणी थोडे. म्हणून काठ ओलांडून पात्रापर्यंत घरे आली, गोठे आले, कडब्याच्या गंजी आल्या. नदी येणारच नाही, मग जागा का सोडायची?

आणि नदी आली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदरच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. पुण्यात आंबिल ओढ्याने हाहाकार केला ती हीच रात्र. पुण्याची बातमी देशभर गेली, कऱ्हेची तेवढी गेली नाही. जेजुरीजवळ कऱ्हेवर नाझरे धरण आहे, मल्हारसागर म्हणतात त्याला. एक टीएमसीसुद्धा पाणी मावत नाही असे लहानसे धरण. वरून आलेला लोंढा ते कोठे साठवणार? आले तसे पाणी खाली सोडावे लागले आणि विसर्ग पंच्याऐंशी हजार क्युसेकच्या घरात गेला. बारामतीपर्यंत पन्नासएक किलोमीटरची वाट. प्रशासनाने सूचना दिली, बारामती शहरातल्या आणि तालुक्यातल्या सखल वस्त्यांतून हजारो माणसे हलवली. हे काम मोठेच झाले, त्याला कमी लेखायचे नाही. पण सूचना गावात पोचली म्हणजे घरात पोचली, असे आपण धरून चालतो. तसे असते का, हे पाहायला मी या काठाने निघाले होते.

मोरगावच्या पुढे नदीला लागून एक वस्ती आहे. गावाचे नाव सांगत नाही, तशी वस्ती तुमच्याही गावाला असेल. पन्नाशीच्या एक बाई गोठ्यात शेण काढत होत्या. हात धुऊन त्यांनी चहा ठेवला आणि चुलीपुढे बसूनच त्या रात्रीची हकिगत सांगितली.

"घरात सून ओली बाळंतीण. अकरा दिवसाचं लेकरू. आमच्या मालकांच्या फोनवर निरोप आला, पानी सुटलंय म्हनून. ते आन् पोरगा उठले ते तसंच नदीला गेले, मोटार काढाया. फोन बी त्यांच्याच खिशात गेला. मी म्हनलं, येतीलच आता. मंग एक पोरगं गाडीवरनं वरडत गेलं, पानी येतंय, वर चला. मी इचारलं किती येतंय, कवा येतंय? तवर ते गेलं बी. आता तुमीच सांगा, बाळंतीण उठवू का म्हशी सोडू? शेळ्या घेऊ का पेटी घेऊ? गडीमानूस घरात न्हाई, त्याला न इचारता घर सोडलं आन् पानी आलंच न्हाई, तर सगळी वस्ती हसंल. ह्या इचारातच एक तास गेला बघा."

शेवटी पाण्याने नाही, म्हशीने सांगितले. गोठ्यात पाणी शिरले तशी म्हैस हंबरायला लागली. बाईंनी दावी कापली, सुनेला आणि लेकराला गोधडीत गुंडाळून रस्त्यापर्यंत आणले. पेटी मागे राहिली. तिच्यात रेशनकार्ड होते, बचत गटाचे पासबुक होते आणि थोडे सोने. मोटार मात्र वाचली, असे सांगताना त्या हसल्या. मला काही हसू आले नाही.

पाटबंधारे खात्याची सूचना तुम्ही कधी नीट वाचली आहे का? पावसाळ्यात ती दरवर्षी निघते. नदीपात्रातील विद्युत मोटारी, शेती अवजारे, जनावरे सुरक्षित ठिकाणी हलवावीत, नदीपात्रात कोणी उतरू नये. सूचना खोटी नाही, मोटारीला पैसे पडतात आणि ती वाहून गेली तर हंगाम जातो. पण त्या सूचनेत घर नाही. घरात बाळंतीण असेल, अंथरुणाला खिळलेली सासू असेल, पिठाचा डबा असेल, त्याचे काय करायचे याचा एक शब्द नाही. सूचना वाचून गडी नदीकडे धावतो आणि बाई घरी वाट पाहते. पाणी चढत असताना घरातली दोन कर्ती माणसे दोन दिशांना, आणि फोन एकाच्याच खिशात.

त्या बाईंना मी क्युसेकचे विचारले. त्या म्हणाल्या, "पंच्याऐंशी हजार क्युसेक, पंच्याऐंशी हजार क्युसेक, सगळी तेच म्हनत व्हती. क्युसेक म्हंजी काय ते मला अजून कुनी सांगितलं न्हाई. माझ्या उंबऱ्याला पानी लागंल का न्हाई, येवढंच सांगा की!"

मी म्हटले, हिशेब तसा सोपा आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी. चौदा लिटरची कळशी धरली तर दोन भरलेल्या कळशा. पंच्याऐंशी हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक लाख सत्तर हजार कळशा तुमच्या अंगणासमोरून जाणार. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "आगं आई! आसं सांगितलं असतं तर मी मालकांचं तोंड बघत बसले असते व्हय?" तरीही, वाचकहो, त्यांचा पहिला प्रश्न अधिक शहाणपणाचा होता. कळशा मोजूनही उंबऱ्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी नाझऱ्यातून इतके पाणी सुटले तर या वस्तीत ते कोठवर येते, ही खूण आधीच काढून ठेवलेली हवी. तीही कचेरीतल्या नकाशावर असून भागत नाही. ती समाजमंदिराच्या भिंतीवर आणि विजेच्या खांबावर हवी. २०१९ चे पाणी कोठवर आले ते त्या वस्तीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, कारण नंतर भिंतीवरचा चिखल तिनेच धुतला आहे. तिला कोणी रेघ मारायला सांगितलेली नाही, एवढेच.

त्या रात्री बाळंतिणीला शाळेत नेले. शाळा उंचावर, छप्पर पक्के, सगळे चांगले. पण संडासाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते माहीत नाही. पुरुष, पोरे, बाया सगळे एका खोलीत, वीज गेलेली. सून रात्रभर पाणी प्याली नाही, प्याले तर बाहेर जावे लागेल म्हणून. लेकराला पाजायलासुद्धा तिला सासूने पदर धरून आडोसा करावा लागला. सकाळी त्या दोघी पाहुण्यांच्या घरी निघून गेल्या. पुढच्या वेळी शाळेत जाणार का, असे विचारले तर सासूबाईंनी नुसती मान हलवली. सूचना वेळेवर येऊनसुद्धा बाया घर का सोडत नाहीत, याची अनेक कारणे पुस्तकांत दिलेली असतील. त्यांतले एक कारण ते कुलूप आहे.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. २९ एप्रिल १९९१ ला बांगलादेशाच्या किनाऱ्यावर मोठे चक्रीवादळ आले. सव्वा लाखाहून अधिक माणसे गेली. नंतर पाहणी झाली तेव्हा वीस ते चव्वेचाळीस वयाच्या पुरुषांत हजारी पंधरा मेले होते, त्याच वयाच्या बायकांत हजारी एकाहत्तर. तीच वये, तीच गावे, तेच वादळ. सूचना दिलेली होती, पण ती बाजारात, चौकात, पुरुषांपर्यंत गेली. बाया नवरा घरी येण्याची वाट पाहत राहिल्या. निवाऱ्यात त्यांच्यासाठी वेगळी खोली नाही, संडास नाही, मग परक्या पुरुषांत जायचे कसे, म्हणून कित्येकजणी निघाल्याच नाहीत. अंगावर साडी, कडेवर मूल, पोहता येत नाही. यावरून तो देश शिकला. निवाऱ्यात बायकांसाठी सोय केली, घरोघर जाऊन सांगणाऱ्या स्वयंसेवकांत बाया घेतल्या. आज त्यांचे प्रमाण निम्म्याच्या घरात आहे. गरीब देश, पण हे त्याने करून दाखवले.

बारामतीहून पुढे सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते. नीरा ही वेगळ्या जातीची नदी. भोरच्या डोंगरातून येते, वर भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी अशी धरणे आणि त्या सगळ्यांचे पाणी खाली वीर धरणात. म्हणून नीराकाठच्या माणसाचे कान वीरच्या विसर्गाकडे. नीरेच्या डाव्या कालव्याने १८८५ पासून हा मुलूख बागायती केला. ऊस आला, साखर कारखाने आले, घराघरांत दूध आले. पण कालवाही पाणीच वाहतो हे २०२५ च्या मे महिन्यात कळले. मृग निघायच्या आधीच बारामती, इंदापूर, दौंड या पट्ट्यात असा पाऊस कोसळला की पिंपळीजवळ कालवा फुटला आणि ज्यांचा नदीशी संबंध नाही अशांच्या घरात पाणी शिरले. धरणाची सूचना इथे काय कामाची?

निमगाव केतकीलाही तेच. पानमळ्यांचे हे गाव, विड्याच्या पानांचा बाजार इथला नावाजलेला. १४ ऑक्टोबर २०२० च्या रात्री परतीच्या पावसाने ओढ्याला पूर आला आणि माणसे पाण्यात अडकली, त्यांना सोडवून आणावे लागले. ओढ्याला धरण नाही, दरवाजा नाही, विसर्गाचा आकडा नाही. वरच्या अंगाला पाऊस पडला की तास-दीड तासात खाली पाणी. अशा ठिकाणी वरच्या वस्तीतल्या बाईने खालच्या वस्तीतल्या बाईला केलेला फोन कोणत्याही यंत्राच्या आधी पोचतो. पण तिच्याकडे फोन हवा आणि त्यात खालच्या बाईचा नंबर हवा.

फोनचे थोडे सविस्तर सांगते, कारण तिथेच सगळे अडते. पुणे जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा नावाची चांगली सोय आहे. एकाने ठरलेल्या क्रमांकावर फोन केला की त्याचाच आवाज गावातल्या नोंदलेल्या सर्व फोनवर एकदम जातो. चोर, बिबट्या, आग, पूर, कशासाठीही. सरकारनेही २०२३ साली मोबाइलवर मोठ्याने वाजणाऱ्या सूचनेची चाचणी घेतली, तुमच्याही घरी तो कर्कश आवाज झाला असेल आणि घाबरून कोणी फोन टाकून दिला असेल. सोयी चांगल्या, पण नोंद कोणाच्या नंबरची? बहुतेक घरांतून कारभाऱ्याच्या. एका घरातून एकच नंबर द्यायचा असा कुठे नियम असल्याचे मी ऐकले नाही, तरी सवयीने एकच दिला जातो. बाईकडे असतो तो जुना बटणांचा फोन, तोही पोराकडून उतरलेला, त्यावर त्या मोठ्या सूचनेचा भरवसा नाही.

फोनच्या आधी दवंडी होती. ती पारावर, चावडीपुढे व्हायची आणि डोक्यावर पदर घेतलेली सून पारावर उभी राहून ऐकत नसे. आज चावडीच्या जागी गावातल्या माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पार बदलला, ऐकणारे तेच राहिले.

आणि गावातच नसलेल्या बाईचे काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या या दोन तालुक्यांत उतरतात. पाण्याची सोय बघून कोप्या पडतात त्या ओढ्याकाठी, कालव्याखाली. परतीचा पाऊस आणि टोळ्या येण्याचा काळ एकमेकांना चिकटून येतो. कोपीतल्या बाईचा नंबर कोणत्याही गावाच्या यादीत नसतो. पात्रात वाडा टाकून बसणाऱ्या मेंढपाळ धनगरांचेही तेच. ज्याच्या रानात कोपी पडली त्या शेतकऱ्याने तरी तिला निरोप द्यावा, नाही का? तुमच्या रानात यंदा टोळी उतरली तर मुकादमाबरोबर एका बाईचाही नंबर घेऊन ठेवा.

इंदापूरच्या पुढे मुक्काम केला नीरा-नरसिंगपूरला. लक्ष्मीनरसिंहाचे देऊळ, उंच तट, खाली घाट आणि समोर भीमा-नीरेचा संगम. संध्याकाळी घाटावर बसले तर उठावेसे वाटत नाही. पण पावसाळ्यात या गावाला दोन्हींकडून घोर. पश्चिमेकडून वीरचे पाणी, उत्तरेकडून उजनीचे. उजनी १९८० ला पुरी झाली, ११७ टीएमसीचे धरण. तिच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातली गावे गेली. जुन्या पळसदेवचे देऊळ पाणी ओसरले की अजून वर डोकावते. पुण्याच्या धरणांचे पाणी मुळा-मुठेतून भीमेत, दौंडवरून उजनीत. म्हणून या भागात जाणती माणसे एकमेकांना विचारतात, "दौंडचा विसर्ग किती?" दौंडला फुगले की उजनीत येणार, उजनी भरलेली असली की खाली सुटणार.

घाटावर धुणे धुणाऱ्या एका आजींना मी हेच विचारले. त्यांना दौंड ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, "पानी पायऱ्या किती चढलं ते बघायचं. चढाया लागलं की आधी चुलीवरचं उतरवायचं, मंग कागदं, मंग शेरडं. निम्मा घाट बुडला की कुनाचं ऐकायचं न्हाई, चालाया लागायचं." पाण्याचा रंग गढूळ झाला, त्यात काडीकचरा आणि फेस वाहत आला, तर वरून नवे पाणी येते आहे, हेही त्यांनी सांगितले. मला वाटले, ही बाई म्हणजे या गावाची अर्धी यंत्रणा आहे. तिला कोणी विचारत नाही आणि तिला कोणी सांगतही नाही. उजनीचा आकडा आणि आजींच्या पायऱ्या एकमेकांशी जोडून दिल्या, इतके सुटले तर इतक्या पायऱ्या, इतक्या तासांत, तर या गावाला आणखी काय हवे?

जोडणार कोण, हेही अवघड नाही. गावातली कोणती बाई दिवसांत आहे, कोणाची तारीख जवळ आली, कोण ओली बाळंतीण, हे सगळे आशाताईच्या वहीत असते. अंगणवाडीताईला लहान मुले ठाऊक, बचत गटाला घरोघरच्या बाया. त्यांच्या हाती धरणाचा निरोप थेट दिला तर तो चुलीपर्यंत जाईल. अर्थात हेही काम त्यांच्याच डोक्यावर फुकट टाकायचे, हे मला पटत नाही. त्यांच्यावर आधीच पुष्कळ टाकले आहे. निरोप्या म्हणून नेमायचे तर त्याचे मानधनही ठरवावे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर घरे उभारताना गावोगावच्या महिला मंडळांना संवाद सहायक नेमले होते. मार्ग माहीत नाही असे म्हणायला जागा नाही. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत दोनच गोष्टी विचाराव्यात, शाळेच्या संडासाची किल्ली कोणाकडे, आणि फोनच्या यादीत बायकांचे नंबर किती.

तुमच्या घरी हा अंक तुम्ही मोठ्याने वाचत असाल, तर आज जेवताना एवढे ठरवून टाका. पाणी सुटल्याचा निरोप आला तर मोटारीला कोण जाणार आणि फोन कोणाकडे राहणार. कारभारणीने न विचारता घर सोडले तर तिला कोणी बोल लावायचा नाही, हे कारभाऱ्याने सगळ्यांच्या देखत सांगावे. कागद, पासबुक, थोडे कपडे आणि घडीचे फडके एका पिशवीत बांधून पावसाळाभर खुंटीला असू द्यावे. ती पिशवी पेटीत नको.

परतताना मी पुन्हा त्या कऱ्हाकाठच्या वस्तीवर थांबले. ते अकरा दिवसांचे लेकरू आता शाळेत जाते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे असे मी सांगितले, तर आजीने त्याच नातवाला हाक मारली आणि खडूने तो दाराच्या आतल्या बाजूला लिहायला लावला. आकडे मोठे काढ, असे दोनदा सांगितले. मग सून आली, तिने एक वेळ वाचून पाहिला आणि म्हणाली, "आत्या, वर उजनी-नाझऱ्याचं काय व्हतंय ते हितं इचारता येतं व्हय?" सासूने आपला बटणांचा फोन तिच्या हातात दिला.